बोलत नाहीये? आधी कान तपासून घ्या

माझ्या बहिणीचा मुलगा, आम्ही त्याला घरी चिकू म्हणतो, एक वर्ष दहा महिन्यांचा झाला तरी एक शब्द बोलत नव्हता. हसायचा, रडायचा, हात धरून फ्रिजपाशी न्यायचा, हवं ते बोटानं दाखवायचा, आणि आम्ही सगळे म्हणायचो किती हुशार आहे बघा, न बोलता सगळं समजावतो. बहिणीच्या सासूबाई म्हणायच्या मुलगे उशिराच बोलतात, याचा बाप पण तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता. कुणी वेखंड उगाळून चाटवायला सांगितलं, कुणी म्हणालं जीभ जड आहे, जिभेखालची तार कापून घ्या. मी स्वतः ताट आणि चमचा घेऊन त्याच्या पाठीमागे उभी राहिले आणि वाजवलं, त्यानं वळून बघितलं, आणि मी बहिणीला म्हटलं बघ, ऐकतोय की, कान ठणठणीत आहेत. ते वाक्य मला आजही टोचतं.

कारण त्याला दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. आणि गेल्या अडीचेक वर्षांत बहिणीबरोबर टेस्टना, थेरपीला, श्रवणयंत्राच्या दुकानात फिरून मला जे कळलं ते मला आधी कुणीतरी साध्या मराठीत सांगायला हवं होतं, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात पहिलं म्हणजे बोलणं हे जिभेचं काम आहे असं आपल्याला वाटतं, पण शिकण्यापुरतं बघितलं तर ते कानाचं काम आहे. मूल जी भाषा ऐकतं तीच बोलतं, सातारच्या घरात वाढलेलं बाळ सातारची मराठी बोलतं, मालवणातलं मालवणी बोलतं, आणि ज्या बाळाला काहीच नीट ऐकू येत नाही त्याच्यापुढे नक्कल करायला काही नसतंच. पूर्वी आपल्याकडे ‘मुका-बहिरा’ असा जोडशब्द सर्रास वापरायचे ना, त्यातल्या बहुतेकांच्या गळ्यात, स्वरयंत्रात, जिभेत काहीही दोष नसतो. आवाज असतो. त्या आवाजाला वळण लावणारा कान नसतो.

आता हे ऐकणं सुरू कधी होतं बघा. आतला कान, जो गोगलगायीच्या शंखासारखा वेटोळा असतो, तो पोटात असतानाच सहाव्या महिन्याच्या आसपास काम करायला लागतो. म्हणजे जन्माला यायच्या आधी बाळ तीनेक महिने आईचा आवाज ऐकत असतं. अमेरिकेत १९८० साली एक प्रयोग झाला होता, दोन-तीन दिवसांच्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली, एका लयीत चोखलं की आईचा आवाज लागायचा आणि दुसऱ्या लयीत परक्या बाईचा, आणि बाळांनी आईचा आवाज लागेल अशीच लय धरली. दोन दिवसांचं बाळ!

याच्यापुढचा प्रयोग तर आपल्या भाषांशीच जोडलेला आहे, मला तो फार आवडतो. कॅनडात जॅनेट वर्कर नावाच्या संशोधक आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९८४ साली हिंदीतला ‘ट’ आणि ‘त’ इंग्रजी घरातल्या बाळांना ऐकवला. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना हा फरक कळत नाही, परदेशातला माणूस ‘ताट’ म्हणायला गेला की काय होतं ते तुम्ही ऐकलं असेल. पण सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो फरक कळत होता! आणि तशीच बाळं दहा-बारा महिन्यांची झाली की त्यांना तो कळेनासा झाला, कारण घरात तो फरक कानावर पडत नव्हता, मग मेंदूनं तो सोडून दिला. आपल्या बाळांचं उलट, ट-त, न-ण, ल-ळ रोज कानावर पडतात म्हणून मेंदू ते पक्के धरून ठेवतो. म्हणजे पहिला वाढदिवस व्हायच्या आत, एक शब्द तोंडातून यायच्या आधी, बाळाचा मेंदू ही माझी भाषा, हे माझे आवाज असं ठरवून मोकळा झालेला असतो. आणि याच वर्षात ज्याला ऐकू येत नाही त्याचं किती नुकसान होत असेल ते इथे लक्षात येतं.

फसगत कुठे होते सांगते. ऐकू न येणारं बाळ सुरुवातीला अगदी बाकीच्यांसारखंच असतं. रडतं, हसतं, दोन-तीन महिन्यांचं झालं की आ-ऊ, आगू-आगू असे आवाज पण काढतं. त्यामुळे घरात कुणालाच शंका येत नाही. फरक पडतो तो पुढे, सहा-सात महिन्यांपासून ऐकू येणारी बाळं बाबाबा, दादादा, मामामा असं लांबलचक सुरू करतात, व्यंजन आणि स्वर जोडून, आणि ते करताना स्वतःचाच आवाज ऐकून खूश होतात, परत करतात. तोंड कसं हलवलं की कसा आवाज निघतो हा हिशेब बाळ असं स्वतःवर शिकत असतं. ज्याला स्वतःचा आवाजच येत नाही त्याचा हा खेळ रंगत नाही, त्याचं बाबाबा बऱ्याचदा अकरा महिन्यांनंतर कधीतरी येतं, किंवा तुटक येतं, किंवा आधीचे आवाजही कमी होत जातात आणि बाळ शांत होतं. आमच्या घरात चिकू शांत झाला तेव्हा सगळे म्हणाले किती गुणाचं पोर आहे, त्रासच देत नाही.

मग ताट वाजवल्यावर वळला कसा? हे मला ऑडिओलॉजिस्टनी, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञांनी समजावलं आणि तिथे मला सगळं उमगलं. आवाज जसा मोठा-लहान असतो तसा जाड-बारीक पण असतो. डग्ग्याचा घुमारा जाड, घुंगराचा आवाज बारीक. बऱ्याच मुलांचं ऐकणं सगळ्या आवाजांना सारखं कमी झालेलं नसतं, जाड आवाज बरे येतात, बारीक येत नाहीत. आता बोलण्यातले आ, ऊ, ओ हे स्वर जाड आणि जोरदार असतात, आणि स, श, फ, त हे बारीक आणि फार हळू असतात, त्यात सगळ्यात बारीक ‘स’. त्यामुळे अशा मुलाला आपण हाक मारली की ऐकू येतं, दार आपटलं की ऐकू येतं, ट्रक गेला तर ऐकू येतो, पण वाक्य येतं ते भोकं पडलेलं. ‘चिकू, बस इथे’ यातलं त्याला ‘इऊ अ इए’ असं काहीतरी येत असणार. आवाज आला हे कळतं, काय म्हणाले ते कळत नाही. आणि मराठीत तर ‘स’ नुसता शब्दात नसतो, तो क्रियापदाच्या शेपटीला असतो, तू जेवलास, तो जेवला, तू जातेस, ती जाते, एवढ्याशा ‘स’वर कोण जेवलं ते बदलतं. तो ‘स’च ऐकू येत नसेल तर मुलाला व्याकरण कुठून कळणार?

शिवाय ताट वाजवताना माझी सावली समोरच्या भिंतीवर पडली असेल, फरशीवर चमचा टेकला असेल, हवा हलली असेल. ज्यांना कमी ऐकू येतं ती मुलं डोळ्यांनी इतकं टिपतात की आपण थक्क होतो. म्हणून घरी टाळ्या वाजवून, ताटं बडवून, मागून हाका मारून काढलेला निष्कर्ष कृपा करून धरू नका.

खरी तपासणी काय असते ते सांगते, कारण नावं ऐकूनच लोक घाबरतात. पहिली ओएई. आतल्या कानात साधारण पंधरा हजार केसपेशी असतात, त्यातल्या बऱ्याचशा आवाज आला की नाचतात आणि त्या नाचण्याचा एक अगदी बारीक प्रतिध्वनी कानातून बाहेर येतो. हे १९७८ साली डेव्हिड केम्प या ब्रिटिश शास्त्रज्ञानं शोधलं. बाळाच्या कानात मऊ बूच ठेवतात, टिकटिक आवाज सोडतात आणि उलटा आवाज येतो का ते मशीन ऐकतं. काही मिनिटांचं काम, बाळ झोपलेलं असेल तर त्याला कळतही नाही. उत्तर ‘पास’ किंवा ‘रेफर’ येतं. रेफर म्हणजे बाळ बहिरं असा अर्थ नाही, नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या कानात मळ, पाणी असलं तरी रेफर येतं, त्याचा अर्थ एवढाच की परत करा. पण परत करायचीच, हे महत्त्वाचं. चिकू आठव्या महिन्यात झाला, अकरा दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होता, त्याच्या डिस्चार्जच्या कागदावर एका कोपऱ्यात रेफर लिहिलेलं होतं आणि ते काय असतं हे आम्हाला कुणी समजावलं नाही, आम्हीही विचारलं नाही, त्या गडबडीत वजन आणि दूध एवढंच डोक्यात होतं. तो कागद दोन वर्षं फाइलमध्ये पडून होता.

दुसरी बेरा. यात कपाळावर आणि कानामागे छोटे चिकटपट्टीचे इलेक्ट्रोड लावतात, कानात आवाज सोडतात, आणि कानापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या नसेतून सिग्नल पोचतो का ते कॉम्प्युटरवर बघतात. सुई नाही, शॉक नाही. फक्त मूल गाढ झोपलेलं पाहिजे, आणि हेच सगळ्यात अवघड. आम्हाला सांगितलं होतं सकाळी लवकर उठवा, वाटेत झोपू देऊ नका. बहीण रिक्षात त्याला जागं ठेवायला गाणी म्हणत होती, जी त्याला ऐकू येत नव्हती. तिथे झोपेचं औषध पाजलं, तो अंधाऱ्या खोलीत तिच्या खांद्यावर हळूहळू सैल पडला, आणि मग तासभर आम्ही स्क्रीनवरच्या रेघा बघत बसलो. तपासणाऱ्या बाईंनी आवाज वाढवत नेला तशी एका ठिकाणी रेघेला उंचवटा यायला लागला. त्या म्हणाल्या, इथे ऐकू यायला लागलं त्याला. तो आवाज हेडफोनवर आम्हाला लावून दाखवला, आम्हाला तो ओरडण्यासारखा मोठा वाटला. बहीण काही बोलली नाही, नुसते त्याचे मोजे वर ओढत राहिली.

दोन्ही टेस्ट का लागतात तर कधी कधी आतला कान चांगला असतो, ओएई पास येते, पण पुढची नस सिग्नल नीट नेत नाही. जास्त कावीळ झालेल्या, एनआयसीयूत राहिलेल्या बाळांमध्ये हे जास्त दिसतं. म्हणून अशा बाळांची बेरा करतातच, नुसत्या ओएईवर थांबत नाहीत. मूल थोडं मोठं असेल तर खेळातून पण तपासतात, आवाज आला की बास्केटमध्ये ठोकळा टाकायचा, असं.

वेळेचं गणित जगभर एकच सांगतात, एक-तीन-सहा. पहिल्या महिन्याच्या आत चाळणी तपासणी, तिसऱ्याच्या आत पक्कं निदान, सहाव्याच्या आत यंत्र आणि थेरपी सुरू. हे सहाचं कुठून आलं तर अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये अशा मुलांचा अभ्यास झाला, १९९८ साली छापून आला, सहा महिन्यांच्या आत ज्यांचं निदान झालं ती मुलं भाषेत उशिरा निदान झालेल्यांच्या बरीच पुढे होती. मेंदूचं असं आहे की ऐकण्यासाठीची जागा रिकामी राहिली तर ती रिकामी राहत नाही, बघणं वगैरे दुसरी कामं तिथे हातपाय पसरतात. कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवतात ते यंत्र, त्यावर अनू शर्मा या संशोधकांचं काम आहे, त्यात साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांच्या मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद बहुतेकदा वयाच्या बरोबरीला आला, सात वर्षांनंतर झालेल्यांचा सहसा आला नाही. म्हणून ‘बोलेल हो, थांबा थोडं’ हे वाक्य मला आता सहन होत नाही. थांबून बोलणारी मुलं असतात, खरंच असतात, पण ती कोणती हे टेस्ट केल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

मग काय दिसलं की जायचं? मोठ्या आवाजाला दचकत नाही, सहा महिन्यांचा झाला तरी आवाजाच्या दिशेला बघत नाही, दहा महिने झाले तरी बाबाबा-दादादा नाही, वर्षाचा झाला तरी नावाला ओ देत नाही, दीड वर्षाला आई-बाबा-पापा असे मोजके शब्द पण नाहीत, दोन वर्षांचा झाला तरी ‘बाबा गेला’, ‘आई दूध’ असे दोन शब्द जोडत नाही. ळ ला ल म्हणणं, पोळीला पोली, र नीट न येणं हे मात्र लहानपणी चालतं, ती अक्षरंच उशिरा येतात, त्याची काळजी नको. आणि हो, न बोलण्याचं कारण दरवेळी कानच असेल असं नाही, ऑटिझम असू शकतो, दुसरं काही असू शकतं, पण कुठल्याही वाटेनं गेलात तरी पहिली टेस्ट कानाची सांगतात. मोबाईलमुळे बोलत नाही असं म्हणून पण परस्पर निकाल लावू नका. मोबाईल बंद कराच, पण कान तपासा.

कारणं खूप आहेत. बरीच आनुवंशिक असतात, आई-वडील दोघांना छान ऐकू येतं तरी, ऐकू न येणारी नव्वद टक्क्यांपेक्षा जास्त मुलं अशाच घरात जन्मतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात अजून, त्यात हा धोका वाढतो, हे स्पष्ट बोलायला हवं. गरोदरपणात आईला रुबेला झाला तर बाळाचे कान जाऊ शकतात, २०१८ च्या शेवटी महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस दिली ती याचसाठी पण होती. मेंदूज्वर, कमी दिवसांचं बाळ, जीव वाचवायला द्यावी लागणारी काही अँटिबायोटिक्स, हे सगळं यात येतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते लहान मुलांतलं साठ टक्क्यांच्या आसपास ऐकणं जाणं टाळता येण्यासारखं असतं.

एक वेगळा प्रकार आहे तो फार घरांत असतो आणि कळत नाही. सारखी सर्दी, तोंड उघडं ठेवून झोपणं, घोरणं, टीव्हीचा आवाज वाढवणं, ‘काय?’ ‘काय?’ करणं. लहान मुलांची नाकापासून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, ती बंद झाली की पडद्यामागे चिकट पाणी साठतं. दुखत नाही, ताप नाही, पण बोटं कानात घालून ऐकल्यासारखं ऐकू येतं. वर्गात मागे बसणारं, लक्ष नाही म्हणून बोलणी खाणारं मूल कधी कधी हे असतं. हे बरं होतं, बऱ्याचदा आपोआप, तीन महिने राहिलं तर ईएनटीकडे, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पुढचं बघावं लागतं. तेल घालू नका कानात, ते पडद्याच्या पलीकडे जात नाही आणि पडदा फाटलेला असेल तर नुकसान होतं.

खर्चाचं म्हणाल तर सरकारी मदत आहे, लोकांना माहीत नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरमधूनच सुरू झाला, त्याची पथकं अंगणवाडीत आणि शाळांत येतात, ऐकण्याचा दोष त्यांच्या यादीत आहे, तिथून जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासून, ऐकण्या-बोलण्याच्या दोषांवरच काम करते. केंद्राच्या, दिव्यांगांना साधनं देणाऱ्या ॲडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळतं आणि लहान वयात कॉक्लिअर इम्प्लांटलाही मदत मिळते. यंत्र आवाज मोठा करून देतं, ज्यांच्या केसपेशी इतक्या गेल्यात की मोठा करूनही उपयोग नाही त्यांना इम्प्लांट, ते थेट नसेला सिग्नल देतं. कुणाला काय हे डॉक्टर आणि ऑडिओलॉजिस्ट मिळून ठरवतात.

यंत्र लावलं की मूल बोलायला लागतं असं मात्र होत नाही. चष्मा लावला की दिसतं, यंत्र लावलं की फक्त ऐकणं सुरू होतं. थेरपिस्ट याला ऐकण्याचं वय म्हणतात, ज्या दिवशी यंत्र बसलं तो ऐकण्याचा वाढदिवस. चिकू दोन वर्षांचा होता पण कानानं नुकता जन्मलेला. त्यामुळे त्याच्याशी आम्ही बाळाशी बोलतात तसं बोललो, कणीक मळताना, आंघोळ घालताना, पाणी गरम, पाणी गार, हे बघ कणीक, मऊ मऊ. यंत्र झोप सोडून दिवसभर लावायचं, मूल काढून फेकतं, परत लावायचं. कान वाढतो तसा यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होऊन शिट्टी वाजते, नवीन करावा लागतो. पावसाळ्यात दमटपणानं यंत्र बिघडतं म्हणून रात्री ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या डबीत ठेवायचं. आणि जवळ जाऊन बोलायचं, अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं पडतो, ओट्यापाशी उभं राहून हॉलमधल्या मुलाशी बोललं तर यंत्राला कुकर आणि मिक्सरच जास्त ऐकू येतो.

खुणांच्या भाषेबद्दल पण सांगते. आम्हाला भीती घातली होती की खुणा शिकवल्या तर बोलणार नाही. पण आई-वडील दोघंही कर्णबधिर असलेल्या घरात बाळं पहिल्या दिवसापासून खुणा बघतात आणि वेळेवर खुणांची ‘बडबड’ पण करतात, हातांनी. मेंदूला भाषा हवी असते, कानातून आली तर कानातून, डोळ्यांतून आली तर डोळ्यांतून. रिकामं ठेवणं हे सगळ्यात वाईट. कुठल्या भाषेत बोलायचं हा प्रश्नही तसाच, शाळा इंग्रजी म्हणून घरातली आजी अडखळत इंग्रजी बोलायला लागते, ते करू नका. दोन भाषांनी मूल मुकं होत नाही. जी भाषा तुमच्या तोंडात सहज येते, जिच्यात तुम्ही लाड करता, रागावता, गोष्ट सांगता, ती बोला.

रोज सकाळी यंत्र लावल्यावर बहीण एक छोटी परीक्षा घेते, थेरपीतच शिकवलंय. तोंडासमोर हात धरायचा, ओठ दिसू द्यायचे नाहीत, आणि सहा आवाज काढायचे, आ, ऊ, ई, म, श, स. त्यानं ऐकून तसेच म्हणायचे. जाडापासून बारकापर्यंत बोलण्यातला सगळा पट्टा या सहांत येतो, एखादा चुकला तर यंत्रात काहीतरी गडबड. सुरुवातीचे कित्येक महिने ‘स’ला तो नुसता बघत राहायचा. मग यंत्राचं सेटिंग परत केलं, मग ‘श’ आणि ‘स’ एकच यायचे.

आता तो साडेचार वर्षांचा आहे. परवा मी गेले तेव्हा तो ताटावर बसला होता, मला म्हणाला, “मावशी, तू जेवली?” बहिणीनं स्वयंपाकघरातून येऊन त्याच्याजवळ बसून शांतपणे म्हटलं, “मावशी, तू जेवलीस?” त्यानं तिच्याकडे बघितलं, तोंडातला घास गिळला, आणि परत विचारलं, ‘स’ जरा जास्तच लांबवून.